मांजरीचं पथ्य

अप्पा,

तुमची मांजर अजून आहे. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि ती तुम्ही जायच्या वर्षभर आधी दुकानात आली होती, म्हणजे तिचं वय बारा धरायला हरकत नाही. ती आता माझ्याजवळ नांदेडला असते. तिच्या किडन्या हळूहळू काम सोडत आहेत. त्या पुन्हा नीट होणार नाहीत. पण या आजारासाठी केलेलं एक वेगळं खाणं मिळतं. ते तिनं नेमानं खाल्लं तर ती आणखी दोन वर्षं, कदाचित तीनही, बरी जगेल. नाही खाल्लं तर काही महिने. गेले तीन महिने मी या एकाच गोष्टीच्या मागे आहे. तेवढंच सांगायला बसले आहे. पण ते सांगताना तुमचं-माझं एक जुनं प्रकरण मध्ये येतं. ते बाजूला ठेवून लिहिता येतं का, हे मी दोनदा करून पाहिलं. येत नाही.

लातूरचं दुकान मला मागच्या बाजूनं आठवतं. पुढे तुम्ही, तुमची गादी, काटा, येणारी-जाणारी माणसं. मागे तुरीच्या आणि हरभऱ्याच्या पोत्यांच्या थप्प्या, त्या थप्प्यांमधले बोळ, आणि बोळात उंदीर. मांजर त्या कामावर ठेवलेली होती. तुम्ही तिच्याकडे कामगार म्हणूनच पाहायचात. सकाळी एका ॲल्युमिनियमच्या झाकणात दूध आणि त्यात कुस्करलेली भाकरी, तेवढा तिचा शिधा. एकदा एका हमालानं तिच्यासाठी कागदात गुंडाळून माशाचं डोकं आणलं होतं. मी अकरावीत होते, कॉलेजमधून दुकानात येऊन बसले होते. तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "बाहीर ने ते." तो म्हणाला, "अप्पा, मांजरच हाय की ती. तिला काय तुमच्यावानी गळ्यात लिंग बांधलंय व्हय?" सगळे हसले, तुम्हीही हसलात, आणि म्हणालात, "ती पोत्यामागं काय धरती, काय खाती, ते तिचं तिला. मी बघायला जात न्हाई. पण आपल्या हातानं द्यायचं न्हाई." मला तेव्हा हा नियम सोयीचा वाटला होता. आता वाटतं की तो नीट विचार करून आखलेला होता. तुमची हद्द तुमच्या हातापाशी संपत होती, आणि तिथपर्यंत ती पक्की होती.

घरी तुमची हद्द ताटापाशी होती. जेवण झालं की तुम्ही ताटात थोडं पाणी घालायचात, बोटानं ताट पुसून घ्यायचात आणि ते पाणी पिऊन टाकायचात. ताट इतकं स्वच्छ व्हायचं की आई म्हणायची, हे घासायला तरी कशाला घेऊ. अन्न म्हणजे प्रसाद आणि प्रसादाचा कण टाकायचा नाही, हे तुम्ही आम्हाला समजावून सांगितलं नाहीत. रोज दोनदा करून दाखवलंत. मी नऊ वर्षांची असताना ताटात शेपूची भाजी टाकून उठले. तुम्ही म्हणालात, "बस." मी बसले. तुम्हीही समोर बसलात. दुपारी एक वाजला होता. तुम्ही दुकानात गेला नाहीत. रागावला नाहीत, समजूत काढली नाहीत, वर्तमानपत्रसुद्धा उघडलं नाहीत. आई दोनदा दाराशी येऊन गेली. "लेकरू हाय, ऱ्हाऊ द्या की," म्हणाली. तुम्ही मान हलवली नाहीत. चार वाजता मी ती गार भाजी खाल्ली, ताटात पाणी घातलं, ते प्याले. तुम्ही "हां" म्हणालात आणि चप्पल घालून दुकानात गेलात. आजही मंडईत शेपूच्या जुड्या दिसल्या की मी पलीकडच्या रांगेनं जाते. हे मी कुणाला सांगत नाही. विचारलं तर म्हणते, मला आवडत नाही.

मी डायलिसिस टेक्निशियन झाले, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. नांदेडच्या एका हॉस्पिटलमध्ये रोज आठ यंत्रं आणि दोन पाळ्यांचे पेशंट असतात. ज्यांच्या किडन्या थांबल्या त्यांचं रक्त यंत्रातून धुऊन परत द्यायचं. मला हे काम जमतं. तुम्ही काट्यापाशी शिकवलं होतं, काटा थांबेपर्यंत बोलायचं नाही. मी आकडा थांबेपर्यंत बोलत नाही. पेशंटशी थोडी दुरून वागते असं सहकारी म्हणतात. त्यात चूक काही नाही. तर मांजर पाणी फार प्यायला लागली, वजन उतरलं, तेव्हा मला तपासण्यांच्या आधीच अंदाज आला होता. रिपोर्ट डॉक्टरांनी उघडायच्या आधी मी उलटा वाचला. त्यांनी तोच अर्थ सांगितला आणि एक पाकीट दिलं. तपकिरी दाणे, किडनीसाठी खास, फॉस्फरस कमी. दिवसाला पंचेचाळीस ग्रॅम.

मांजर नांदेडला कशी आली तेही सांगते. दुकान गेल्यावर आईनं तिला घरी आणलं होतं. चार वर्षांपूर्वी मला इथं नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली, "घेऊन जा हिला. तुला कुणीतरी पाहिजे घरात." मी म्हणाले, मला कुणी नको. तरी टोपलीत घालून एसटीनं आणलं. इथं तिसऱ्या मजल्यावर उंदीर नाहीत, म्हणून दूधभाकरीबरोबर बाजारात मिळतात ते मासळीच्या वासाचे दाणे सुरू केले. ते पाकिटातून थेट बशीत ओतायचे. हात लावायचा नाही. चार वर्षं मी तुमचा नियम अशा रीतीनं पाळला, आणि आईला पाकिटाबद्दल बोलले नाही.

नवं खाणं मी एका दिवसात सुरू केलं. जुनं पाकीट उचलून कपाटात ठेवलं, दूध बंद केलं, वजनकाट्यावर पंचेचाळीस ग्रॅम मोजले, तिची गोळी कुटून त्यातच मिसळली, बशी ठेवली, आणि वहीत चार रकाने आखले: वेळ, ठेवलं, उरलं, शेरा. ती आली. हुंगलं. मग पुढच्या पायानं बशीभोवतीची फरशी उकरायला लागली, जशी ती आपली घाण झाकताना उकरते तशी. चारी बाजूंनी, सावकाश. फरशीवर माती नव्हती, पण तिनं ते काम पूर्ण केलं आणि निघून गेली. मी शेऱ्यात लिहिलं, "खाल्लं नाही." संध्याकाळी ती बशी तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी तीच. मला घाई नव्हती. भूक लागली की खाईल. तुमच्यासारखी मी समोर बसलेसुद्धा, सुट्टीचा दिवस होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती वॉशिंग मशीनच्या मागे होती आणि हाक मारली तरी बाहेर आली नाही. ओढून काढली तेव्हा अंग हलकं लागलं. तोंडाला फेस होता.

जनावरांचे डॉक्टर कंधारकडचे आहेत. अर्धं आयुष्य गाई-म्हशींत गेलं, आता शहरात कुत्री-मांजरं बघतात. त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले?"

"साठ तास."

त्यांनी वर पाहिलं. "तास मोजून राहिल्या तुम्ही. आन् दिलं काय त्या साठ तासांत?"

"हेच. दुसरं काही समोर ठेवलं नाही. भूक लागली की खाईल असं वाटलं."

"कुणी सांगितलं असं?"

मी हातातली वही मिटली.

"मॅडम, म्हैस हाय का ही? म्हशीची वैरण बदला, दोन दिवस फुरफुर करती, तिसऱ्या दिवशी खाती. मांजर न्हाई खात. मांजर मरती, पण खात न्हाई. तीन दिवस पोट रिकामं राहिलं की अंगातली चरबी लिव्हरवर जाऊन बसती. मंग किडनी ऱ्हायली बाजूला, लिव्हरनंच जाती. गोळी कशी दिली?"

"कुटून त्यातच."

"झालं!" त्यांनी टेबलावर हात ठेवला. "कडू गोळी, नवा वास, पोटात मळमळ, आन् वर उपास. आता हा वास तिच्या डोक्यात बसला. हे पाकीट न्या आन् कुणाला तरी देऊन टाका. हे ती आता जन्मात खाणार न्हाई."

बाकावर एक गृहस्थ पांढरं झुबकेदार कुत्रं घेऊन बसले होते. ते सगळं ऐकत होते. मला त्यांच्यासमोर बोलणी बसली याचं काही वाटलं नाही. वाटलं ते हे की डॉक्टर जे सांगत होते ते मला नवीन नव्हतं. मी मंडईतून चालते तेव्हा पलीकडच्या रांगेत असते. इतकी वर्षं त्याचं कारण मला ठाऊक होतं आणि तेच मी वजनकाटा लावून तिच्यावर केलं. त्यांनी मळमळीचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन सोडलं आणि सांगितलं, आठ दिवस नव्या खाण्याचं नाव काढायचं नाही. जुनं जे खात होती तेच द्या. "आधी ती जगू द्या, पथ्य नंतर."

त्या आठवड्यात भोकरकडचे एक काका यंत्रावर होते. दोन वर्षं आठवड्यातून दोनदा येतात. बडबडे आहेत, आणि दोन वाऱ्यांच्या मध्ये किती पाणी प्याले याबद्दल कधीच खरं बोलत नाहीत, वजन मात्र खरं बोलतं. ते म्हणाले, "म्याडम, आज तुमचं ध्यान न्हाई हितं."

"आहे."

"न्हाई. पट्टी दोनदा चिकटवली तुमी. काय झालं?"

मी सहसा घरचं सांगत नाही. त्या दिवशी म्हणाले, "मांजर आजारी आहे. किडनी."

ते एवढे हसले की हात हलला आणि यंत्राचा भोंगा वाजला. मी तो बंद केला, नळी सरळ केली. ते अजून हसत होते. "आता तिला बी आनता का हितं? माझ्या बाजूची खाट हाय बघा रिकामी."

"तिला पथ्याचं खाणं दिलंय. खात नाही. बशीभोवती फरशी उकरते, पुरून टाकल्यासारखी."

"मंग बराबर हाय तिचं. तुमी मला तो कागद दिलता ना, काय काय खायाचं न्हाई त्याचा? मी बी घरी जाऊन तेच केलं."

मी विचारलं, मग पुढे मीठ सोडलं कसं. खरं तर हा प्रश्न मी चार वर्षांत कुणालाच विचारला नव्हता. मी कागद देते, समजावते, सही घेते. ते "बायकूनं सोडलं," म्हणाले. "माझ्यासंगं. महिनाभर बिनमिठाचं कालवण खाल्लं तिनं, एक शब्द न बोलता. मंग मला लाज वाटली." नंतर म्हणाले, "पर मांजरीला कुठली लाज असती, म्याडम."

आई रोज सकाळी फोन करते. पूर्वी विचारायची, "खाल्लं का?" मी म्हणायची, खाल्लं. आता मी "खाल्लं" म्हटलं की ती म्हणते, "तू न्हाई गं. ती." आठ दिवस झाले, मांजर जुनं खाणं खायला लागली, आणि डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीचं पथ्याचं पाकीट दिलं. या वेळी मी त्यांनी सांगितलं तसं केलं. चाळीस ग्रॅम जुन्यात चार ग्रॅम नवं मिसळून, वेगळ्या बशीत, वेगळ्या खोलीत, गोळी त्याच्यापासून लांब. दाणे पाण्यात भिजवून, कोमट करून द्या म्हणाले होते. मी थर्मामीटर लावून अडतीस अंशांवर आणलं. पहिला दिवस तिनं खाल्लं. दुसऱ्या दिवशी परत फरशी उकरली. मी फोनवर आईला फक्त "नाही" म्हणाले. ती त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं आली. पिशवीत धपाटे, कारळाची चटणी, आणि दुधाची एक बाटली, जशी काही नांदेडात दूध मिळत नाही.

चहा व्हायच्या आधी ती बशीपाशी वाकली आणि पदर नाकाला लावला. "काय मेलंय ह्याच्यात?"

"कोंबडी."

"आन्?"

"मासळीचं तेल. थोडं."

"शिव शिव शिव." ती मागे सरकली. मग कपाटावरच्या जुन्या पाकिटाकडे पाहिलं. "आन् ते? त्याच्यावर मासा काढलाय न्हवं का?"

मी म्हणाले, चार वर्षं देतेय. हात लावत नाही, ओततं ते पाकीट.

आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या वाक्याची लाज वाटली. "लई शिकलीस," म्हणाली.

पण ती गेली नाही, उठलीही नाही. फरशीवरच बसून राहिली आणि मांजरीकडे बघत राहिली. पंधरा-वीस मिनिटं. मी वहीत मागची पानं चाळत होते. मग ती म्हणाली, "अगं, ही सारखी गिळती बघ. ओठ चाटती. कायबी न खाता."

"मग?"

"मग काय? तोंडाला पाणी सुटतंय तिच्या. मळमळ हाय अजून. तुझ्या अप्पांना शेवटी व्हायचं तसं. असेच गिळायचे सारखे. मळमळत असताना घास जातो का कुणाला?"

माझ्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, बरोबर, इंजेक्शनचा असर संपला असंल, गोळी सुरू करा, आन् गोळी हातानं घशात टाका, खाण्यात न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी मांजरीचं गिळणं थांबलं होतं. मी बशी कोमट केली, थर्मामीटर काढला, तोपर्यंत आईनं बशी माझ्या हातातून घेतली, पदर खोचला, बोट त्या लगद्यात बुडवलं आणि मांजरीच्या नाकासमोर धरलं. मी म्हणाले, "आई, आपल्या हातानं द्यायचं नाही म्हणायचे ना अप्पा."

"म्हणायचे. त्यांचा हात होता ते म्हणायचे. हा माझा हाय."

मांजरीनं बोट हुंगलं. एकदा चाटलं. थांबली. परत चाटलं. आई तोंड एका बाजूला फिरवून, श्वास धरून बसली होती, आणि बोट मात्र हलू देत नव्हती. अशी सात बोटं गेली. मी मोजली. आठव्याला मांजरीनं मान वळवली आणि मी म्हणाले, अजून थोडं, नाकाला लाव, खाईल. आई म्हणाली, "न्हाई म्हणली ना ती. बास." तिनं बशी उचलली, मोरीत गेली, राखेनं आणि साबणानं हात धुतले, डोक्यावरून आंघोळ केली, दुसरं लुगडं नेसली आणि मग पूजेला बसली. त्या दिवशी तिचं जेवण दीड तास उशिरा झालं. ती आठ दिवस राहिली आणि रोज हे सगळं दोनदा केलं.

आता ते जुनं प्रकरण. तुम्ही लातूरच्या दवाखान्यात होतात, शेवटचा आठवडा. मी बारावीला होते. आई आंघोळीला आणि पूजेला घरी जायची तेवढा वेळ तुमच्याजवळ मी असायची. आई जाताना भाताची पेज वाटीत घालून ठेवायची आणि सांगायची, थोडी जाईल तेवढी दे. त्या सकाळी मी चमचा पुढे केला आणि तुम्ही तोंड भिंतीकडे वळवलं. मी वाटी धरून उभी आहे. मी म्हणते, "अप्पा, ताटातलं टाकायचं नाही." तुमच्याच आवाजात म्हणते, न चढवता. तुम्ही मान फिरवता आणि माझ्याकडे बघता, बराच वेळ. मग तोंड उघडता. मी सगळी वाटी दिली, अप्पा. तुम्ही प्रत्येक घासाला दोन-तीनदा गिळत होता आणि मला वाटलं की तुम्हाला सावकाश खायचं आहे. वाटी संपल्यावर तुम्ही बोटानं खूण केली. मला कळली. मी वाटीत पाणी घातलं, हलवलं, आणि ते तुमच्या तोंडाला लावलं, आणि तुम्ही ते प्यालात. आई आल्यावर मी तिला रिकामी वाटी दाखवली. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. नातेवाइकांत अजून सांगतात, पोरीनं बापाला शेवटी हातानं भरवलं. मी कधी नाही म्हणत नाही.

त्या वाटीनं तुमचं काही बिघडलं नाही. मी आता जे शिकले आहे त्यावरून हे मी खात्रीनं सांगू शकते. तुम्ही तीन दिवसांनी ज्यानं गेलात त्याचा पेजेशी संबंध नव्हता. तो हिशेब मी करत नाही. मी सांगतेय ते वेगळं आहे. तुम्ही तोंड उघडलंत तेव्हा मला बरं वाटलं होतं. सेवेचं नव्हे. शेपूच्या दुपारी मी नऊ वर्षांची, खाली बसलेली होते आणि आता तुम्ही खाली होता आणि मी वर उभी होते, त्याचं. तुम्ही ज्या प्रकारे माझ्याकडे पाहिलंत त्यावरून तुम्हाला ते कळलं असावं. तरीही तुम्ही खाल्लंत. का खाल्लंत, नियम तुमचा होता म्हणून की चमचा माझा होता म्हणून, हे मला ठरवता आलेलं नाही. बोट चाटणाऱ्या मांजरीसमोर श्वास धरून बसलेल्या आईकडे बघताना मला मांजरीच्या जागी तुम्ही दिसत होता आणि आईच्या जागी मी कुठेच दिसत नव्हते. आई मांजरीचं "नाही" पहिल्याच खुणेला ऐकत होती. मी साठ तासांनी ऐकलं होतं. तुमचं ऐकलंच नाही.

आई लातूरला परत गेली. जाताना म्हणाली, "आता तू दे. तुझा हात वळखती ती." मला शंका होती. पहिल्या दिवशी बोट त्या लगद्यात घालताना मला शिसारी आली, तीही मी वहीत लिहिली नाही. तिनं पाच बोटं घेतली. पुढच्या पाच आठवड्यांत नव्याचं प्रमाण मी दर चार दिवसांनी थोडं थोडं वाढवलं, आणि जेव्हा ती थांबली तेव्हा मीही त्याच प्रमाणावर थांबले. एकदा मागेही आले. आता बशीत फक्त पथ्याचं असतं आणि ती ते स्वतःहून खाते, भिंतीकडे पाठ करून, कारण तिला समोर दार दिसावं लागतं. पंचेचाळीसपैकी अडतीस-एकोणचाळीस ग्रॅम. सहा-सात उरतात. सुरुवातीला ते उरलेलं मी पुन्हा पुन्हा मोजायची. डॉक्टर म्हणाले, "एवढं खाती ना, मंग सोडा की. पंचेचाळीस मी लिहिलेत, तिनं न्हाई." मी आता ते केराच्या डब्यात टाकते. तुम्हाला हे आवडणार नाही. मी टाकते.

भोकरच्या काकांनी परवा विचारलं, "काय म्हणती मांजर?" मी म्हणाले, खाते. ते म्हणाले, "कसं वळवलं?" मी सांगितलं, वळवलं नाही, थांबले. त्यांनी मान हलवली आणि मग स्वतःहून, न विचारता, सांगितलं की काल लग्नात ते दोन ग्लास मठ्ठा प्यायलेत. मी तेवढं पाणी काढायचा आकडा यंत्रात जास्त लावला.

एक गोष्ट राहिली. ती खरं तर आधी सांगायला हवी होती. डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा खिडकीतल्या मुलीनं केसपेपर काढताना विचारलं, "पेशंटचं नाव?" तुम्ही मांजरीला कधी नाव दिलं नाहीत, आम्हीही दिलं नाही. मी म्हणाले, "मांजर." ती म्हणाली, "मॅडम, हितं सगळ्या मांजरीच येतात. मालकाचं नाव सांगा." आणि मी तुमचं सांगितलं, वडील म्हणून. पूर्ण. विचार करून नाही. मालक कोण, एवढंच विचारलं होतं. दुरुस्त करता आलं असतं, ते मी केलं नाही. तेव्हापासून नऊ वेळा त्या बाकावर बसले आहे, आणि दर वेळी नंबर आला की ती मुलगी तुमचं नाव मोठ्यानं पुकारते आणि विचारते, "आलेत का?" मी टोपली उचलते आणि म्हणते, "आलेत." घरी तुमचं नाव कुणी घेत नाही, अप्पा म्हणतात. अकरा वर्षांत ते नाव असं उघड्यावर, चार लोकांत, मी ऐकलं नव्हतं. गेल्या शनिवारी डॉक्टरांनी तिला तोललं. दीडशे ग्रॅम वाढली आहे, रक्ताचा आकडा वाढायचा थांबला आहे. त्यांनी केसपेपरवर बघून लिहिलं आणि म्हणाले, "घरी वडलांना सांगा, त्यांच्या मांजरीनं पथ्य धरलं म्हणून. म्हाताऱ्या माणसाला घोर असतो." मी सांगते म्हणाले.